स्क्रीनवर उमटलेले ठसे: बर्न-इन कशाने होतं, कसं टाळायचं

कीबोर्डची पुसट चौकट, वरच्या पट्टीतलं बॅटरीचं चित्र, खालची तीन बटणं. फोनवर काहीही उघडलं तरी हे मागे दिसत राहत असेल, तर ते बहुतेक बर्न-इन आहे. पुसून, रिस्टार्ट करून किंवा फॅक्टरी रीसेट मारून ते जात नाही. उगाच डेटा जातो.

आधी खात्री करा. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवा. तिथेही ठसा दिसला तर भानगड सॉफ्टवेअरची, नाही दिसला तर डिस्प्लेची. पूर्ण राखाडी चित्र फुल स्क्रीन लावलं की ठसा ठळक उठतो. उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ हा मात्र वेगळा बिघाड, त्याला खालचे उपाय लागू नाहीत.

एमोलेड किंवा ओलेड डिस्प्लेत मागून लाइट नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि वापराप्रमाणे झिजतो. निळा सगळ्यांत लवकर. एकच चित्र तासन् तास एकाच जागी राहिलं की तेवढे ठिपके बाकीच्यांपेक्षा जास्त थकतात, तोच ठसा. एलसीडीवर, म्हणजे मागून लाइट असलेल्या डिस्प्लेवर, आलेली सावली बहुधा तात्पुरती असते, स्क्रीन थोडा वेळ बंद ठेवली की जाते. आयफोन 11 एलसीडीवर आहे, आयफोन 12 ची सगळी मॉडेलं ओलेडवर.

झीज वाढवतात ब्राइटनेस, वेळ आणि उष्णता. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, तिन्ही एकदम जमतात. डिलिव्हरीवाल्यांच्या हँडलला लावलेल्या फोनकडे बघा: उन्हामुळे ऑटो ब्राइटनेस टोकाला, वर दिवसभर तोच नकाशा, मागून चार्जिंगही चालू. अशांनी स्क्रीन लॉक करून कानात आवाजी सूचना ऐकाव्या, आणि थांबल्यावर फोन सावलीत घ्यावा. तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

बाकीच्यांसाठी: स्क्रीन टाइमआउट 30 सेकंद. घरात ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास पुरतो. तीन बटणांऐवजी जेश्चर नेव्हिगेशन (बोट सरकवून मागे-पुढे जाणं) घ्या, कीबोर्डलाही डार्क थीम लावा. ऑलवेज ऑन डिस्प्ले (लॉक असतानाही घड्याळ दाखवत राहणारी सोय) ‘टॅप केल्यावरच’ वर ठेवा. गिऱ्हाइकांना दाखवायला काउंटरवर क्यूआर कोड उघडा ठेवून देणाऱ्यांनी तो सरळ कागदावर छापून घ्यावा. न्यूज चॅनलचा लोगो आणि मॅचचा स्कोअरही ठसा पाडतात, पण रोज तासन् तास बघणाऱ्यांनाच त्याची काळजी.

रंग चमकवून बर्न-इन ‘दुरुस्त’ करणारी अ‍ॅप्स आम्ही सुचवत नाही. झिजलेला ठिपका त्याने भरून येत नाही, उरलेलेही झिजतात म्हणून फरक कमी वाटतो एवढंच.

ठसा खुपतच असेल तर डिस्प्ले बदलणे हाच इलाज. वॉरंटी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. स्वस्त कॉपी डिस्प्ले बहुधा एलसीडी असतो. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट त्यावर चालत नाही, काळा रंगही राखाडी दिसतो. म्हणून बिलावर ‘ओलेड’ लिहून घ्या. उघडलेल्या फोनचं वॉटरप्रूफिंग पहिल्यासारखं राहीलच असं नाही. द्यायच्या आधी बॅकअप घ्या. परत घेताना चारही कोपऱ्यांत टच, पूर्ण ब्राइटनेस आणि राखाडी चित्र काउंटरवरच तपासा, आणि फिंगरप्रिंट नव्याने नोंदवून बघा.