समाजवादाचा पुनर्विचार : बडोद्याच्या अनुभवातून

जमीन, कारखाने, खाणी, बँका ही उत्पादनाची साधने मूठभर मालकांच्या हाती न राहता समाजाच्या ताब्यात असावीत आणि ती नफ्यासाठी नव्हे तर गरजेसाठी वापरली जावीत, असे मानणारी विचारसरणी म्हणजे समाजवाद. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गिरण्यांच्या धुराड्यांखाली ती वाढली. विसाव्या शतकात जगाच्या मोठ्या भागावर तिच्या नावाने राज्य झाले. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि पुष्कळांनी तिचे तेरावे उरकून टाकले. ज्या प्रश्नांतून ती जन्मली ते मात्र जागच्या जागी आहेत. राबणाऱ्याच्या पदरात किती पडते? कारखान्याला टाळे लावायचे हे कोण ठरवतो? घरात एक मोठे आजारपण आले की सारे घर कर्जात का बुडते? या प्रश्नांना भांडवलशाहीने समाधानकारक उत्तर दिलेले नाही, आणि विसाव्या शतकातल्या समाजवादाचे उत्तरही पुरे पडले नाही. या दोन्ही गोष्टी मान्य करून पर्यायाचा जो शोध चालू आहे, त्याला समाजवादाचा पुनर्विचार म्हणतात.

प्रस्तुत नोंदीत तो बडोद्याच्या संदर्भात मांडला आहे. त्याचे कारण अभिमानाचे नाही. राजाने दिलेले, सरकारने चालवलेले आणि लोकांनी मिळून उभारलेले असे तिन्ही नमुने या एका शहराच्या आसपास सव्वाशे वर्षांत पाहायला मिळाले. आंबेडकर आणि विनोबा या दोघांच्याही आयुष्यातले निर्णायक वळण याच शहरात आले.

समाज म्हणजे कोण?

‘समाजाच्या ताब्यात’ या शब्दांतच सगळी मेख आहे. समाज म्हणजे नेमके कोण? विसाव्या शतकाने बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ‘सरकार’ असे दिले. मॉस्कोतल्या नियोजन मंडळाने किती पोलाद आणि किती बूट बनवायचे ते ठरवायचे आणि कारखान्यांनी तो आकडा गाठायचा. लुडविग फॉन मीझेस या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच आक्षेप घेतला होता, की बाजारातल्या किमती नसतील तर कोणती वस्तू कशी आणि किती बनवावी याचा हिशेबच करता येणार नाही. पोलंडचे समाजवादी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर लांगे यांनी त्याला उत्तर दिले. वाद पुढे अनेक वर्षे चालला. प्रत्यक्षात काय झाले ते हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी आतून पाहून लिहिले : दुकानापुढच्या रांगा हा त्या व्यवस्थेचा अपघात नव्हता, तिच्या रचनेतूनच त्या लागत होत्या.

भारताने मधला रस्ता धरला. काँग्रेसने १९५५ च्या मद्रासजवळच्या आवडी इथल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’ हा शब्द सरनाम्यात आला. बडोद्याच्या लोकांना हा समाजवाद डोळ्यांनी दिसला. सोव्हिएत मदतीने उभारलेली कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स (आयपीसीएल) ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सयाजीरावांनी १९०८ मध्ये काढलेली बँक ऑफ बडोदाही १९६९ मध्येच राष्ट्रीयीकृत झालेल्या चौदा बँकांत होती. दांडिया बाजार, बाबाजीपुऱ्यातल्या कित्येक मराठी घरांत या नोकऱ्यांमुळे पहिल्यांदा निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि मुलांच्या इंजिनिअरिंगचे शुल्क आले. हे थोडे नाही. खासगी कारखान्यातल्या कामगाराला जी निश्चिंती स्वप्नातही नव्हती ती इथे मिळाली, आणि पुनर्विचार करताना ती विसरणे हा कृतघ्नपणा ठरेल.

तरीही तो कारखाना कामगारांचा कधी झाला नाही. २००२ मध्ये सरकारने आयपीसीएलमधले २६ टक्के भागभांडवल आणि व्यवस्थापनाचा ताबा रिलायन्सला दिला. २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीनच झाली. ‘जनतेची मालमत्ता’ दिल्लीतल्या एका निर्णयाने हस्तांतरित झाली. त्यावर तिथे राबणाऱ्यांचे मत कोणी घेतले नाही आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांचेही नाही. सांडपाण्याचीही गोष्ट तशीच. या पट्ट्यातल्या सरकारी आणि खासगी अशा दोन्ही कारखान्यांचे पाणी एकाच सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या नाल्यातून खंभातच्या आखाताकडे जाते. काठावरच्या शेतकऱ्याला त्या पाण्यात मालकीचा फरक दिसत नाही. मालकाचे नाव बदलले तरी निर्णयाची जागा तीच राहिली, तर बदल फार वरवरचा राहतो. पुनर्विचाराची पहिली पायरी इथे आहे.

एकाच राजाच्या राज्यातले दोघे

सयाजीराव तिसरे (राज्यकाल १८७५–१९३९) यांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केले. १९१० पासून गावोगावी वाचनालये निघाली. याला समाजवाद म्हणता येणार नाही, कारण देणारा एक होता आणि घेणारे बाकी सगळे. (त्याच काळात बडोद्याच्या नोकरीत आलेल्या अरविंद घोषांनी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये लिहिले होते, की देशाची आशा श्रमिक वर्गावर आहे. १८९३-९४ सालच्या भारतात हे लिहिणारे फार थोडे होते.)

याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला परतले. राजाचा हुकूम पाठीशी असूनही शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नावाने एका पारशी विश्रामगृहात राहिले, तर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामानासह बाहेर पडून ते कमाटीबागेत एका झाडाखाली कित्येक तास बसून राहिले आणि मग मुंबईला निघून गेले. आर्थिक सुधारणा आधी करा, जात आपोआप जाईल, असे म्हणणाऱ्या समाजवाद्यांना त्यांनी १९३६ मध्ये जे सुनावले, त्यामागे ही दुपार आहे असे मला वाटते. सोबत राबणाऱ्यांनाच जात एकमेकांपासून तोडते. मग उत्पादनाची साधने सर्वांची झाली तरी ‘सर्व’ एकत्र बसणार कसे? भारतीय समाजवादाने हा प्रश्न जितका टाळला तितका तो लंगडा राहिला.

तरी आंबेडकर समाजवादापासून दूर गेले नाहीत. मार्च १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी राज्य समाजवाद मांडला. त्यात महत्त्वाचे उद्योग सरकारी मालकीचे होते आणि विमा ही सरकारची मक्तेदारी होती, प्रत्येक प्रौढाला सक्तीची. शेती हाही राज्याचा उद्योग. जमिनीचे ठरावीक आकाराचे भाग पाडायचे, ते जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक कसणीसाठी द्यायचे, पाणी, बैल, अवजारे आणि बियाणे सरकारने पुरवायचे. हे सगळे संविधानातच लिहायचे, म्हणजे निवडणुकीत बहुमत बदलले की ते मोडता येणार नाही. हुकूमशाहीशिवाय समाजवाद कसा टिकवायचा, या जगभरच्या पेचावर इतके नेमके उत्तर त्या काळात क्वचितच कोणी दिले असेल.

दुसरे विनोबा. त्यांचे शिक्षण बडोद्यात झाले. १९१६ मध्ये त्यांनी शाळेची प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली, परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून त्यांनी भूदान सुरू केले. पुढे ग्रामदानात साऱ्या गावाने जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवायची कल्पना आली. सरकारला मध्ये न घेता, माणसाच्या मनातून मालकी सुटावी हा त्यांचा आग्रह होता. कागदावर ४० लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली. तिच्यातली पुष्कळशी पडीक निघाली किंवा वादात अडकली, आणि बरीच कधी वाटलीच गेली नाही. हृदयपरिवर्तनाला कायद्याचा कणा नव्हता. आंबेडकरांच्या योजनेला कायद्याचा कणा होता, पण तिला गावाने जीव दिला असता की नाही हे कळण्याआधीच ती बाजूला पडली. मराठीत या दोघांना समोरासमोर उभे करण्याचीच सवय आहे. एकाची उणीव दुसऱ्यात कुठे भरून निघते ते शोधत वाचले तर हाताला जास्त लागते.

अन्योन्य

तिसरा नमुना सर्वांत साधा आहे, आणि बडोद्यातल्या मराठी माणसांनी तो जुन्या काळीच हाती घेतला होता. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी इथे अन्योन्य साहाय्यकारी मंडळी काढली. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकाराचा कायदा १९०४ मध्ये आला, म्हणजे त्याच्या पंधरा वर्षे आधी. भारतातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचे नाव घेतात. पुढे तिची बँक झाली आणि अखेर ती बंदही पडली. ‘अन्योन्य’ या नावात सगळे सूत्र आहे : देणारा आणि घेणारा एकच.

याचे घरगुती रूप म्हणजे भिशी. बाराजणी दरमहा ठरलेली रक्कम आणतात, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात आणि कोणाच्या तरी लहान मुलीला एक उचलायला लावतात. एखादीच्या घरी ऑपरेशन असेल तर चिठ्ठी न काढता रक्कम तिला जाते, आणि हे चहा गाळता गाळता ठरते. व्याज नाही, तारण नाही. हिशेब एका वहीत, आणि ती वही सगळ्यांनी पाहिलेली.

हेच मोठ्या प्रमाणावर कसे चालते ते बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर आणंदला दिसले. दुधाचा भाव पोल्सन ही खासगी डेअरी कंपनी आणि तिचे दलाल ठरवत. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले आणि १४ डिसेंबरला त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा सहकारी दूध संघ, म्हणजे पुढचे अमूल, नोंदला गेला. बडोदा जिल्ह्याचा संघ १९५७ चा. आज पादरा-डभोईकडच्या कोणत्याही गावात संध्याकाळी मंडळीसमोर, म्हणजे गावच्या सहकारी दूधसंस्थेसमोर, कळशा आणि किटल्यांची रांग लागते. दूध ओतले की यंत्रावर फॅट दिसते आणि पावती बाहेर येते. एक म्हैस असो की दहा, मत एकच. इथे बाजार आहे, किंमत आहे, स्पर्धा आहे. मीझेसचा आक्षेप इथे लागू पडत नाही. नफ्याचा धनी तेवढा बदलला आहे.

दोष आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. दूध काढते बाई, पण सभासद म्हणून वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. मंडळी शेतकऱ्यांची, पण डेअरीतला कंत्राटी कामगार तिचा मालक नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांप्रमाणे इथेही संचालक मंडळ ही राजकारणाची शिडी झाली आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या मोंद्रागोन या सहकारी संस्थांच्या समूहाने १९५६ पासून कामगारालाच मालक केले, वरच्या आणि खालच्या पगारातले अंतर साधारण सहापटीत ठेवले. तरी तिथली फागोर ही मोठी संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. कामगार रस्त्यावर मात्र सरसकट आले नाहीत, कारण शेजारच्या सहकारी संस्थांनी बहुतेकांना सामावून घेतले.

आज मालकीचा हा प्रश्न बडोद्याच्या अलकापुरीतल्या हॉटेलांबाहेर मोटारसायकलवर बसलेल्या मुलांचा आहे. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, मोबाइल त्यांचा. गिऱ्हाईक आणि दर मात्र अ‍ॅपच्या कंपनीचे. न्यूयॉर्कमध्ये २०२१ पासून टॅक्सीचालकांची स्वतःच्या मालकीची सहकारी सेवा आहे. भारतात २०२५ मध्ये ‘भारत टॅक्सी’ ही सहकारी सेवा नोंदली गेली आणि तिच्या प्रवर्तकांत अमूलचा महासंघही आहे. तिच्याकडे पाहताना दोन गोष्टी तपासाव्या लागतील : संचालक मंडळात चालकांनी निवडून दिलेले किती आहेत, आणि फेरीचा दर ठरतो त्या बैठकीला त्यांना बोलावतात का.