पन्हाळ्यावरून गाडी सोडली तर?

एखाद्या पार्कच्या मागच्या मैदानात ट्रेलरवरून वाकवलेल्या लोखंडी नळ्या उतरल्या, की रोलर कोस्टरवेड्यांची झोप उडते. पार्कवाले महिनोन्महिने तोंड उघडत नाहीत. यांना मात्र कुंपणाबाहेरून काढलेला एक धूसर फोटो पुरतो. नळी किती जाड, खांबांचे पाय कुठं रोवलेत, फ्लँजला (दोन नळ्या जोडणाऱ्या कड्याला) बोल्टची भोकं किती, एवढ्यावर राइड कुणी बनवली, किती उंच जाणार, कुठं उलटी होणार, याच्या पैजा लागतात. कोल्हापुरातही असली पोरं आहेत. बहुतेक उद्यमनगरात नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. दिवसभर ड्रॉइंग वाचायचं आणि संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर कुठल्या तरी दुसऱ्याच खंडातल्या रुळाचे वेल्डिंगचे जोड मोठे करून बघायचे. "विषय हार्ड हाय भावा" हे वाक्य दर पाच मिनिटांनी ऐकू येतं.

ऐकणाऱ्याला वाटतं, पोरं हवेत बाण मारतायत. पण त्यांचे अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतात, कारण गुरुत्वाकर्षण डिझायनरला फारशी मोकळीक देतच नाही. उंची ठरली की वेग ठरला. वेग ठरला की वळण किती मोठं लागणार ते ठरलं, आणि वळण ठरलं की जागा. एक आकडा हाती लागला की बाकीचे त्याच्यामागून येतात.

बनवणारा ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. बोलिजर आणि माबिलार या स्विस कंपनीचा (स्थापना १९८८) रूळ म्हणजे मधे चौकोनी पेटीसारखा पोकळ कणा आणि त्यावर दोन गोल नळ्या. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला २०१३ चा नायट्रो याच घराण्यातला. गाडी गेली की ही पोकळ पेटी घुमते आणि लांबूनच गर्जना ऐकू येते. शेजाऱ्यांचा त्रास वाचवायला काही पार्कांनी ती वाळूनं भरून घेतली आहे. इंटामिन कंपनीचे मोठे रूळ बहुधा नळ्यांच्या तिकोनी किंवा चौकोनी जाळीचे असतात. लेथवर हात बसलेल्या माणसाला एवढं कळायला फोटोवर एक नजर पुरते.

आता उंची आणि वेग. साखळीनं गाडी वर ओढली की तिच्यात ऊर्जा साठते आणि उतारावर तीच वेगात बदलते. शाळेतलं सूत्र थोडं दळून घेतलं, तर तोंडी करता येईल असं एक गणित हाती येतं: उतार जितके मीटर, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १६ नं गुणायचं. उत्तर येतं ते ताशी किलोमीटरमध्ये. नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर. वर्गमूळ सहाच्या थोडं वर, म्हणून वेग ताशी १०० च्या आसपास. उतार सरळसोट आहे की तिरका, यानं या उत्तरात फरक पडत नाही. घर्षण बाजूला ठेवलं, तर किती खाली आलात एवढंच मोजलं जातं.

गाडीत कोण बसलंय यानंही पडत नाही. गंगावेस तालमीतले पैलवान बसवा नाहीतर बालवाडीतली पोरं, वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळं कटून जातं. प्रत्यक्षात मात्र पैलवानांची गाडी किंचित पुढं निघेल. हवेचा रोध गाडीच्या आकारावर ठरतो, वजनावर नाही. जड गाडीच्या ऊर्जेतला त्याचा वाटा कमी पडतो. म्हणून चाचणी घेताना रिकामी गाडी सोडून भागत नाही, सीटवर पाणी भरलेले पुतळे बसवावे लागतात.

हेच गणित उलटं फिरवलं की जाहिरातीतल्या आकड्यांमागचं यंत्र दिसायला लागतं. न्यू जर्सीतली किंगडा का २००५ मध्ये सुरू झाली. हायड्रॉलिक यंत्रणा दोरानं ओढून साडेतीन सेकंदांत गाडीला ताशी २०६ किलोमीटर वेग द्यायची आणि समोर १३९ मीटरचा मनोरा. २०६ भागिले १६, त्याचा वर्ग केला की येतात १६६ मीटर. म्हणजे हिशेबात २७ मीटर शिल्लक. त्यातलं काही हवा आणि चाकं खाणार, उरलेल्यातून गाडीनं माथा ओलांडायचा. ही शिल्लक एखाद्या दिवशी कमी पडायची. मग गाडी माथ्याजवळ जाऊन घुटमळायची आणि आली तशी मागं घसरत खाली यायची. याला रोलबॅक म्हणतात, आणि तो आपल्या वाट्याला यावा म्हणून दर्दी लोक रांगेत थांबायचे. आता ती राइडच नाही. २०२४ च्या अखेरीस ती बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून मनोरा पाडला.

तिच्या जागी उंचीचा विक्रम गेला सौदी अरेबियातल्या फाल्कन्स फ्लाइट या राइडकडे. उंची १९५ मीटर, वेग ताशी २५०, लांबी सव्वाचार किलोमीटर. आता इथं १६ चा पाढा लावा. सगळे १९५ मीटर एका दमात उतरले आणि हवा नावाची चीज नसली तरी उत्तर येतं २२३. मग वरचे २७ आले कुठून? गुरुत्वाकर्षणाकडून नक्कीच नाही. रुळाला बसवलेल्या चुंबकीय मोटारी गाडीला ढकलतात, आणि ही राइड बांधून व्हायच्या आधीही नुसते दोन आकडे शेजारी ठेवून कुणालाही ते सांगता आलं असतं.

या राइडनं वाळवंटातल्या कड्याचा वापर केला आहे. त्यामुळं कोल्हापूरकराच्या डोक्यात पुढचा प्रश्न येणारच: मग आमचा पन्हाळा काय वाईट?

पन्हाळगड संरक्षित आहे, जुलै २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तिथं खिळासुद्धा ठोकायचा नाही आणि ठोकूही नये. पण कागदावर गाडी सोडायला परवानगी लागत नाही. गड पायथ्याच्या पठारापासून साधारण ४०० मीटर उंच. वर्गमूळ २०, वेग ताशी ३२०. हे ऐकून कट्ट्यावर शिट्ट्या पडतात. खरी अडचण वेगाची नाहीच. ती पायथ्याला आहे.

खाली येणारी गाडी आडवी करायची तर रूळ वाकवावा लागतो, आणि वाकताना तो माणसाला सीटमध्ये दाबतो. हा दाब जीमध्ये मोजतात. आत्ता हे वाचताना तुमच्यावर एक जी आहे. चार जी म्हणजे ६० किलोचा माणूस त्या क्षणी २४० किलोचा. हृदयाला डोक्यापर्यंत रक्त चढवायला तेवढाच जोर जास्त लागतो. हे जास्त वेळ चाललं तर डोळ्यांपुढचे रंग विटतात, मग अंधारी येते. राइडच्या सुरक्षेचं एएसटीएम या मानकसंस्थेचं एफ २२९१ हे मानक म्हणूनच जीची मर्यादा वेळेशी बांधून देतं: जोर जितका जास्त, तितका तो कमी वेळ.

पायथ्याला चार जी धरू. स्वतःच्या वजनाचा एक वजा केला, उरले तीन. आता समीकरण मांडलं की एक मजेदार गोष्ट होते. गुरुत्वाकर्षणाचा आकडाही कटून जातो आणि एवढंच उरतं: वळणाची त्रिज्या उताराच्या दोन तृतीयांश हवी. ४० मीटरच्या राइडला २७ मीटर. पन्हाळ्याला तब्बल २६७ मीटर. म्हणजे गडाच्या पायथ्याशी गाडी नुसती सरळ करायलाच पाव किलोमीटरहून मोठ्या त्रिज्येचा कंस टाकायचा. त्या कंसात गाडी काही सेकंद राहणार आणि तेवढा वेळ माणूस चौपट वजनाखाली दबलेला. उंची दुप्पट केली तर कंसही दुप्पट मोठा लागतो. त्यातून ताशी ३२० ला हवा काय करेल ते वेगळंच. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळं ताशी १०० च्या तुलनेत तो दहा पट झालेला असतो. खरं तर गाडी ३२० गाठणारच नाही.

जास्त उंच म्हणजे जास्त भारी, हे समीकरण मला म्हणूनच कधी पटलं नाही. उंचीचा आकडा पोस्टरवर चांगला दिसतो. डिझायनरचं कसब दिसतं ते रूळ किती हळुवारपणे वाकवला त्यात, आणि हे सगळ्यात नीट कळतं ते लूपमध्ये, म्हणजे गाडी उलटी करून आणणाऱ्या उभ्या वेढ्यात.

लूप गोल का नसतो? चित्रात सगळे गोलच काढतात. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाची राइड आली, तिचा लूप खरोखर गोल होता. गोल लूपच्या माथ्यावर गाडी जेमतेम रुळाला धरून राहील एवढाच वेग दिला, तरी तळाशी तिचा वेग इतका होतो की दाब सहा जी भरतो. त्रिज्या कितीही घ्या, सहाच. याहून कमीत गोल लूप होत नाही. त्यात आणखी घातक गोष्ट अशी की सपाट रुळावर एक जी असतो आणि गोलाला शिवल्या क्षणी सहा. मधे पायरीच नाही. लोकांच्या माना आखडायच्या. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉटनं तिथंच लंबगोल लूप करून पाहिला, तो बराच सौम्य होता, पण लूपचा काळ काही तेव्हा आला नाही.

तो आला १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कात. आंतोन श्वार्त्सकोप्फ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन जोडीनं तिथं पोलादी नळ्यांचा लूप उभा केला. आकार पाण्याच्या उलट्या थेंबासारखा, तळाला पसरट, माथ्याला आवळलेला. त्यातलं गणित क्लोथॉइड नावाच्या वक्राचं: जसजसं पुढं जावं तसतसा वाक त्याच प्रमाणात वाढत जातो. गाडी वेगात असते तिथं रूळ कमी वाकतो, आणि वर ती मंदावली की मग जास्त. दाब एकदम आदळत नाही, चढत जातो. महामार्गाचे आणि रेल्वेचे इंजिनिअर सरळ मार्ग आणि वळण यांच्यामधे असाच चढता वाक फार आधीपासून घालत आले आहेत. जुन्या घाटात एखाद्या वळणावर एसटी अचानक कलंडल्यासारखी वाटते, तिथं हा मधला तुकडा जागेअभावी राहून गेलेला असतो. श्टेंगेलनं पुढं आणखी एक गोष्ट केली. पीळ देताना रूळ स्वतःभोवती न फिरवता बसणाऱ्याच्या छातीभोवती फिरवायचा, म्हणजे डोकं इकडून तिकडं फेकलं जात नाही. फोटोतला रूळ विनाकारण बाजूला सरकल्यासारखा दिसला, तर कारण बहुधा हे.

दर्दी मंडळी मात्र लूपपेक्षा टेकड्यांवर भाळतात. एअरटाइम, म्हणजे माथ्यावरून जाताना सीटवरून उचललं जाणं. इथंही तोंडी हिशेब आहे. टेकडीचा माथा पहिल्या उंचीपेक्षा जितका खाली, त्याच्या दुप्पट त्रिज्या ठेवली तर माथ्यावर वजन शून्य होतं, माणूस तरंगतो. त्रिज्या तेवढीच ठेवली, दुप्पट न करता, तर उणे एक जी: लॅप बार (मांडीवर दाबून बसणारा दांडा) नसेल तर माणूस सरळ बाहेर. फोटोत टेकडीचे तीन खांब दिसले की कंस काढता येतो आणि राइड तरंगवणारी आहे की फेकणारी, ते उद्घाटनाच्या वर्षभर आधी कट्ट्यावर ठरतं. गाडीनं रूळ सोडू नये म्हणून रुळाच्या खालूनही चाकं लागतात. जॉन मिलरनं १९१९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही प्रत्येक बोगीला वर, बाजूला आणि खाली अशा तिन्ही जागी चाकं असतात.

कुठं बसायचं यावर वाद हमखास. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा जवळजवळ सगळी गाडी अजून चढावर असते, म्हणून तो रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत बाकीची गाडी उतारावर धावत सुटलेली असते आणि ती याला ओढून नेते. उचलून घ्यायचं असेल तर मागं बसा. एसटीच्या मागच्या बाकावर स्पीडब्रेकरला होतं तसंच वाटेल, पण तिथलं कारण वेगळं. तो बाक मागच्या चाकांच्याही मागं लोंबत असतो.

मग कोल्हापुरात काय होऊ शकेल? पोरांचा हिशेब मला रास्त वाटतो. वीस मीटर उंची, ताशी सत्तर, तळाला तेरा-चौदा मीटरचा कंस. उतरत्या जमिनीचा तुकडा मिळाला तर खांब आखूड होतात आणि जमिनीला लगटून पळणारी गाडी उंच गाडीपेक्षा जोरात वाटते. पहिल्या टेकडीनंतर चारेक टेकड्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी बुटकी, कारण हवा आणि चाकांवरचं पॉलियुरेथेन दर फेरीला ऊर्जा खात राहतं. शेवटी चुंबकीय ब्रेक. तांब्याची पट्टी चुंबकांमधून गेली की तिच्यात वीज फिरते आणि तीच पट्टीला अडवते, त्यामुळं बाहेरची लाइट गेली तरी गाडी मंदावतेच. आपल्याकडं ही सोय बिनकामाची म्हणता येणार नाही. मात्र वेग कमी होईल तसा हा ब्रेकही ढिला पडतो, पूर्ण थांबवायला घासणारा ब्रेक वेगळा लागतो.

पैसा कोण घालणार यावर कट्ट्यावर एकमत नाही. देखभाल कोण करणार यावर आहे. दरवर्षी गाडी पूर्ण सुटी करायची, चाकांचे अ‍ॅक्सल आणि जोड चुंबकीय पावडर टाकून केसाएवढ्या तड्यासाठी तपासायचे, बेअरिंग बदलायची. शिरोलीच्या फाउंड्रीतून गाड्यांचे सुटे भाग बाहेर पडतात तेव्हा त्यांचीही तपासणी याच तऱ्हेनं होते, आणि कट्ट्यावरच्यांपैकी दोघं तेच काम करतात.