एनडीडब्ल्यूआय म्हणजे नक्की कोणता?

एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून हिरवळ मोजणारा निर्देशांक, तुम्हाला येतो. जवळचा इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. हिरवळ दाट तितका आकडा वर. त्यात अडखळणारं कुणी मला भेटलेलं नाही. अडखळतात ते एनडीडब्ल्यूआयला, म्हणजे पाण्याच्या निर्देशांकाला, कारण या एकाच नावाचे दोन निर्देशांक आहेत, आणि दोन्ही १९९६ सालचे.

संशोधक मॅकफीटर्स यांचा उघडं पाणी शोधतो: हिरवा वजा जवळचा इन्फ्रारेड, भागाकार तसाच. पाणी इन्फ्रारेड गिळतं, हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं, म्हणून आकडा धन येतो. दुसरे संशोधक गाओ यांचा पानातलं पाणी मोजतो: जवळचा इन्फ्रारेड वजा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, म्हणजे त्याहून लांब लहरींचा. टवटवीत पान पहिला उधळून लावतं, दुसरा त्याच्यातल्या ओलाव्यात मुरतो. त्यामुळे पाणी पाजलेला ऊसही गाओंच्या नकाशात निळाशार दिसतो, आणि कुणीतरी त्याला तलाव ठरवून मोकळा होतो.

आता नांदूरमध्यमेश्वर घ्या. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं हे पाणथळ, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून जाहीर झालेलं. समजा, उघड्या पाण्याच्या एका कोपऱ्यात जलपर्णी पसरली. मॅकफीटर्सचा आकडा तिथे ऋण होतो. अहवालात लिहिलं जातं, ‘जलक्षेत्र घटलं’. त्याच कोपऱ्यात गाओंचा आकडा चांगला वर असतो. दुसरा अहवाल म्हणतो, ‘पाणी मुबलक’. पातळी मात्र बोटभरही हललेली नसते. दोन्ही सूत्रं खरं बोलली, प्रश्न विचारणाऱ्याचा चुकला.

माझी पद्धत साधी आहे. जलपर्णी नसतानाच्या, पाणी भरलेल्या दिवसाच्या चित्रावरून मॅकफीटर्सने तलावाची हद्द आखायची. नंतरच्या चित्रांत त्या हद्दीतलं जे एनडीव्हीआयने हिरवं दाखवलं, ते लगेच ‘आटलं’ म्हणायचं नाही, ‘झाकलेलं किंवा उगवलेलं’ असा वेगळा वर्ग करायचा. त्यातलं काय तरंगतंय आणि काय रुजलंय, हे धरणावरच्या पातळीच्या नोंदीशी ताडून पाहायचं.

गाओंनी मुळात शॉर्टवेव्हमधला १.२४ मायक्रोमीटरचा पट्टा वापरला होता. सेंटिनेल-२ या उपग्रहावर तो नाही, म्हणून १.६१ चा घेतात. त्याला एनडीएमआय, म्हणजे ओलाव्याचा निर्देशांक, म्हणा ना, निम्मं भांडण तिथेच मिटतं! झू यांचा २००६ चा सुधारित निर्देशांक हिरवा वजा शॉर्टवेव्ह. वस्तीजवळच्या तळ्यांना बरा, इथे त्याचं फारसं काम नाही.

आणि मॅकफीटर्सच्या आकड्याबद्दलचं ते ‘शून्याच्या वर म्हणजे पाणी’ हे वेदवाक्य सोडा. पुराचं गढूळ पाणी इन्फ्रारेडही परत फेकतं, आकडा शून्याखाली जातो, आणि ऐन पुरात नदी नकाशावरून गायब होते. ढगांमुळे रडारकडे वळलात तरी जलपर्णी पिच्छा सोडत नाही: शांत पाणी रडारला काळं दिसतं, जलपर्णीचा खडबडीत थर उजळ.

तरंगतंय काय आणि रुजलंय काय, याची एक खूण मात्र फुकट मिळते. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी येतो. लागोपाठची दोन निरभ्र चित्रं शेजारी ठेवा: रुजलेली वनस्पती जागची हलत नाही, सुटी जलपर्णी वारा नेईल तिकडे सरकलेली असते.