लातूरकर आहेत, मग मराठवाडाकर का नाहीत?

पुण्याहून नांदेडला निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे लातुरात थांबली आणि क्लीनर ओरडला, "लातूरवाले, चला, उतरून घ्या!" माझ्या शेजारचे गृहस्थ उठले. ते पक्के पुणेकर, भाच्याच्या लग्नाला आलेले. म्हणजे ते त्या घटकेला लातूरवाले होते, लातूरकर नव्हते. 'वाला' त्या प्रवासापुरता चिकटतो, 'कर' जन्मभर पुरतो.

हा 'कर' शब्दाला लागतो तरी कसा? आपण 'पुण्याला' म्हणतो, पण 'पुण्याकर' म्हणत नाही. विभक्तीचा प्रत्यय लागताना नावाचं सामान्यरूप होतं, पुणेचं 'पुण्या'. 'कर' विभक्तीचा नाही, तो नवा शब्द घडवणारा प्रत्यय आहे. तो मूळ नावालाच जोडला जातो आणि विभक्ती त्याच्यानंतर येते: पुणेकरांना. सातारा मात्र 'कर' लागताना शेवटचा 'आ' गमावतो आणि सातारकर होतो. त्या हिशेबानं जालन्याचा 'जालनकर' व्हायला हवा होता, पण ऐकू येतात ते जालनेकर आणि जालनाकर.

आणखी एक वाटणी आपण नकळत पाळतो. सोलापुरी ही चादर, सोलापूरकर हा माणूस. पैठणी कपाटात असते, पैठणकर दारात उभे असतात. वस्तूला 'ई', शहरातल्या माणसाला 'कर'. पण प्रदेशाचं नाव आलं की माणसालाही सहसा 'ई' लागते: वऱ्हाडी, खानदेशी, मराठवाडी. (गोवेकर यात बसत नाहीत, पण गोव्याचं सगळंच निराळं.)

उर्दूत ही वाटणी नाही. अरबी-फारसीतून आलेली 'ई' तिथे माणसालाही चालते, म्हणून अठराव्या शतकातले शायर सिराज औरंगाबादी. त्याच शहरातला मराठी बोलणारा मात्र औरंगाबादकर. 2023 मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावं बदलली, 'कर' जागचा हलला नाही. 'छत्रपती संभाजीनगरकर' एका दमात म्हणणं जड जातं, म्हणून बोलताना नुसतं संभाजीनगरकर उरतं.

आडनावातला 'कर' बहुधा गाव सुटल्यावर लागतो. गंगाखेडात सगळेच गंगाखेडचे, तिथे कुणाला गंगाखेडकर म्हणून ओळखायचं? ही ओळख परगावीच कामाला येते.

नांदेड आलं तेव्हा क्लीनरनं हाक मारलीच नाही. शेवटचा थांबा, गाडीत उरलेले सगळे नांदेडवालेच.