पुण्याच्या पत्त्यावर येणारी ऑक्सफर्डची पत्रं

डेक्कन कॉलेजातल्या विद्यार्थ्याचं घरी लिहिलेलं पत्र म्हटलं की आपल्याला आगरकर आठवतात. मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा सोड, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी देणार, असं त्यांनी आईला कळवून टाकलं होतं. त्याच कॉलेजात काही वर्षांनी शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुलीचीही घरी लिहिलेली पत्रं उरली आहेत. तीही एकदोन नव्हेत, गठ्ठेच्या गठ्ठे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ती जपलेली आहेत. इंग्रजीत असल्यामुळे ती मराठी वाचकांपर्यंत पोचली नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. आनंदीबाई जोशींची पत्रं जितक्या मायेने आपण वाचतो, तितक्याच मायेने हीसुद्धा वाचायला हवीत.

कॉर्नेलिया सोराबजींचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे पारशी घरातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना एका इंग्रज दांपत्याच्या घरी वाढलेल्या. पुण्यातलं व्हिक्टोरिया हायस्कूल त्यांनीच काढलं. मुलींनी शिकायचं हे त्या घरात ठरलेलंच होतं. पत्रांची खरी सुरुवात इथे आहे. परदेशातलं काय लिहावं आणि काय झाकावं, अशी धास्ती बाळगण्याचं कारण या मुलीला कमी होतं.

डेक्कन कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर, आणि तीही पहिल्या वर्गात. या यशावर विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण उमेदवार स्त्री आहे, एवढ्याच कारणाने ती नाकारली गेली. मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. पुढे इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली. लेडी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, विल्यम वेडरबर्न अशी नावं त्यात होती. १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

वर्गणीवर शिकणं म्हणजे अनेकांचे उपकार डोक्यावर घेऊन शिकणं. हक्काची शिष्यवृत्ती मिळाली असती तर हे ओझं नसतं. पत्रं वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

टपालाची बोट दर आठवड्याला निघे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यापासून आफ्रिकेला वळसा घालावा लागत नसे, तरी पत्र पुण्यात पोचायला दोन-तीन आठवडे सहज लागत. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती येईपर्यंत महिना उलटून जाई. परवानगी मागून निर्णय घेणं शक्यच नव्हतं. आधी पाऊल टाकायचं आणि मग घरी कळवायचं.

कळवण्यासारखंही पुष्कळ होतं. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी ऑल सोल्स कॉलेजचं ग्रंथालय त्यांना वाचायला खुलं करून दिलं. १८९२ मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीची परीक्षा तोंडावर आली, तेव्हा पुरुषांबरोबर त्यांना बसू द्यायचं की नाही, यावरून अडलं. एकटीने वेगळी परीक्षा देणं त्यांना मान्य नव्हतं. शेवटी विद्यापीठाने खास ठराव केला आणि त्या बसल्या. वर्ग मिळाला तिसरा. पण कायद्याची ती परीक्षा देणारी ऑक्सफर्डमधली पहिली स्त्री पुण्याची होती, हे मी अभिमानाने सांगते.

पदवी मात्र हातात पडली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदव्याच देत नसे. १८९३ मध्ये त्या परतल्या. १८९७ मध्ये मुंबईची एल्‌एल.बी. झाल्या, तरी कोर्टाचं दार बंदच राहिलं. बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आला तो १९२३ साली. ऑक्सफर्डने पदवी दिली १९२२ मध्ये. वडील १८९४ मध्ये गेले होते, आई १९१० मध्ये. ही बातमी पत्राने कळवायला दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं.