महाराष्ट्रातील एमबीबीएस प्रवेश: नीट, दाखले, फेऱ्या आणि मुलाखतीचा प्रश्न

बारावी विज्ञान शाखेतील मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: वैद्यकीय प्रवेशासाठी परीक्षेनंतर मुलाखतही द्यावी लागते का? परदेशात शिकणाऱ्या नातेवाइकांकडून तिकडच्या मुलाखतींविषयी ऐकलेले असते आणि आपल्या मुलाला बोलण्याची सवय नाही, ही काळजी पालकांच्या मनात घर करून बसते. महाराष्ट्रापुरते उत्तर स्पष्ट आहे. महाविद्यालय शासकीय असो, महापालिकेचे असो, खासगी असो वा अभिमत विद्यापीठाचे, एमबीबीएसचा प्रवेश नीट या देशभरासाठी एकाच असलेल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील गुणवत्ताक्रमावर आणि केंद्रीय पद्धतीने होतो. मुलाखत होत नाही. अपवाद एकच, तो म्हणजे पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्याची माहिती शेवटी दिली आहे. बाकी सर्वांची नीटनंतरची कसोटी लागते ती कागदपत्रांच्या पडताळणीत. चांगले गुण मिळवूनही वेळेत दाखला हाती नसल्यामुळे हक्काची जागा सुटणे यासारखे दुःख नाही, म्हणून या लेखात परीक्षेपेक्षा दाखल्यांना अधिक जागा दिली आहे.

पात्रता

प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत विद्यार्थ्याच्या वयाची 17 वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. कमाल वयाची अट 2022 मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांनाही दार उघडे आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान 50 टक्के, राखीव प्रवर्गांसाठी 40 टक्के आणि खुल्या प्रवर्गातील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 45 टक्के गुण लागतात. बारावीला जीवशास्त्र न घेता गणित घेतलेल्या विद्यार्थ्यालाही नंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होऊन परीक्षा देता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये तसे स्पष्ट केले.

नीट

ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए घेते. 2025 पासून पर्यायी प्रश्न बंद झाले असून आता 180 प्रश्न आणि 180 मिनिटे असे स्वरूप आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 45, तर जीवशास्त्राचे 90 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, आणि एकूण गुण 720 असतात. समान गुण मिळाल्यास आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि त्यानंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहून क्रम ठरतो. प्रश्नपत्रिका 13 भाषांत उपलब्ध असते, त्यांत मराठी आहे. मराठीचा पर्याय निवडणाऱ्याला दिलेल्या पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही असतो, त्यामुळे एखादी पारिभाषिक संज्ञा अडली तर पडताळून पाहता येते. मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्या मुलांनी हा पर्याय निदान विचारात तरी घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

पात्रता गुण आणि प्रत्यक्ष प्रवेशाचे गुण यांत मोठे अंतर असते, हे पालकांना आधीच समजलेले बरे. खुल्या प्रवर्गासाठी 50 वे आणि राखीव प्रवर्गांसाठी 40 वे पर्सेंटाइल ही पात्रतेची रेषा आहे. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे, तर शंभरांतील किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत याचे माप. 2025 मध्ये ती अनुक्रमे 144 आणि 113 गुणांवर आली. एवढ्या गुणांनी प्रवेशप्रक्रियेत भाग घेण्याचा हक्क मिळतो; शासकीय महाविद्यालयातील जागा त्याच्या कितीतरी वर संपलेल्या असतात.

नीटच्या ऑनलाइन अर्जासोबत छायाचित्र, सही, दोन्ही हातांच्या बोटांचे व अंगठ्यांचे ठसे आणि लागू असल्यास प्रवर्गाचा दाखला अपलोड करावा लागतो. 2025 मध्ये अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी 1700 रुपये, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी 1600 रुपये, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग यांच्यासाठी 1000 रुपये होते. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच लिहावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधार कार्डावर बहुधा शेवटी. ही तफावत किरकोळ वाटते, परंतु पडताळणीच्या टेबलावर तिचेच स्पष्टीकरण देत बसावे लागते. आधार कार्डात दुरुस्ती करायची असेल तर ती अर्ज भरण्याच्या आधी करून घ्यावी.

प्रवर्गाचा रकाना

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. नीटच्या अर्जात केंद्र सरकारच्या यादीनुसार प्रवर्ग विचारला जातो. महाराष्ट्रातील विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क, ड किंवा सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणजे एसईबीसी हे प्रवर्ग त्या रकान्यात नसतात. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असेल तर ओबीसी निवडावे आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर दाखला काढावा. राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालत नाही. जात केंद्राच्या यादीत नसेल तर खुला प्रवर्ग निवडावा लागतो.

मराठा समाजातील विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. 2024 च्या कायद्याने त्याला राज्याच्या जागांवर एसईबीसी प्रवर्गातून 10 टक्के आरक्षण आहे, मात्र केंद्राच्या दृष्टीने तो खुल्या प्रवर्गात मोडतो. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाख रुपयांपेक्षा कमी असेल आणि जमीन-घराविषयीचे केंद्राचे निकष पूर्ण होत असतील, तर अखिल भारतीय जागांसाठी तो आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा लाभ घेऊ शकतो. म्हणजे एकाच विद्यार्थ्याला दोन प्रक्रियांसाठी दोन वेगळे दाखले काढावे लागतात, आणि त्यात गैर किंवा लपवण्यासारखे काही नाही. नीटच्या अर्जात खुला प्रवर्ग लिहिला म्हणून राज्यातील आरक्षण जात नाही. राज्याच्या नोंदणीत राज्याचा प्रवर्ग स्वतंत्रपणे नोंदवता येतो.

राज्याच्या प्रक्रियेसाठी लागणारी कागदपत्रे

शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या दिल्लीतील वैद्यकीय समुपदेशन समिती म्हणजे एमसीसी भरते. उरलेल्या 85 टक्के जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष भरतो, ज्याला सगळे सीईटी सेल म्हणतात. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतही 85 टक्के जागा राज्याच्या आणि 15 टक्के संस्थात्मक किंवा अनिवासी भारतीय कोट्याच्या असतात. अभिमत विद्यापीठांच्या सर्व जागा मात्र एमसीसीकडे आहेत. त्यामुळे कराड, लोणी किंवा सावंगी येथील अभिमत विद्यापीठाचे महाविद्यालय घराजवळ असले तरी अर्ज एमसीसीकडेच करावा लागतो आणि तेथे राज्याचा रहिवासी म्हणून प्राधान्य मिळत नाही.

राज्याच्या 85 टक्के जागांसाठी विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि त्याने दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण केलेल्या असाव्यात, हा मूळ नियम आहे. मंडळ कोणते, हा मुद्दा नाही. शाळा कोठे होती, हा आहे. राजस्थानातील कोटा शहरात किंवा हैदराबाद येथे शिकवणीसाठी जाऊन तिथल्याच शाळेत बारावीचा प्रवेश घेणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा. संरक्षण दल व शासकीय सेवेतील पालकांच्या बदलीसाठी काही सवलती आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील 865 गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठीही काही जागा राखून ठेवलेल्या असतात, हे बेळगाव-निपाणीकडच्या अनेक कुटुंबांना माहीत नसते. पूर्वी विद्यापीठाच्या क्षेत्रानुसार 70:30 अशी प्रादेशिक विभागणी होती, ती 2020 मध्ये रद्द झाली, त्यामुळे आता मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्रातील सर्व विद्यार्थी एकाच गुणवत्ता यादीत असतात.

प्रत्येकाला लागणारी कागदपत्रे अशी: नीटचे प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला, माहितीपुस्तिकेतील नमुन्यात डॉक्टरांनी दिलेले शारीरिक सुदृढतेचे प्रमाणपत्र, आधार कार्ड, आणि बारावीनंतर खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास यांचा एकत्रित दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. त्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. जून-जुलैमध्ये या केंद्रांवर गर्दी उसळते, म्हणून अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच हा दाखला काढून ठेवावा.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला याशिवाय जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग व एसईबीसी यांना नॉन-क्रीमी लेयर दाखलाही लागतो आणि तो त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस येणाऱ्या 31 मार्चपर्यंत वैध असावा लागतो. 2025-26 च्या प्रवेशासाठी तो 31 मार्च 2026 पर्यंतचा असणे आवश्यक होते. यांतील सर्वांत वेळखाऊ काम जात वैधतेचे आहे. विद्यार्थ्याने कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह ऑनलाइन अर्ज करायचा आणि त्याची प्रत पुराव्यांसह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायची असते. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली नोंदी, रक्ताच्या नात्यातील कोणाचे आधीचे वैधता प्रमाणपत्र असे पुरावे जमवताना गावोगाव फिरावे लागते, आणि त्रुटी निघाली तर महिने जातात. वडिलांचे किंवा सख्ख्या काकांचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सोपे होते. अकरावीत प्रवेश घेतल्याबरोबर या अर्जाची तयारी सुरू करावी. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर होऊ पाहत आहे, त्या घराला हे सांगणारे बहुतेकदा कोणी नसते. शिक्षकांनी ते वर्गात उभे राहून सांगितले पाहिजे.

फेऱ्या आणि पसंतीक्रम

एमसीसी आणि सीईटी सेल या दोन्हींकडे नोंदणी करता येते आणि करावीही. एमसीसीकडे अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला 1000 रुपये शुल्क व 10,000 रुपये परत मिळणारी अनामत, तर राखीव प्रवर्गांना 500 व 5000 रुपये भरावे लागतात. अभिमत विद्यापीठांसाठी शुल्क 5000 रुपये आणि अनामत 2 लाख रुपये आहे. नोंदणी व शुल्कानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. येथे अंदाज बांधत बसू नये. आपल्याला जे महाविद्यालय सर्वांत अधिक हवे ते पहिले, या सरळ क्रमाने यादी भरावी, कारण वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही.

एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता दंडाविना बाहेर पडता येते. दुसऱ्या फेरीपासून जागा न घेतल्यास अनामत जप्त होते, आणि तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतल्यावर इतरत्र जाण्याचा मार्ग बंद होतो. राज्याच्या प्रक्रियेत प्रवेश घेतल्यानंतर विद्यार्थ्याने स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला तर ती जागा कायम होते आणि पुढच्या फेऱ्यांसाठी त्याचा विचार होत नाही. अधिक चांगल्या महाविद्यालयाची आशा असेल तर हा फॉर्म भरू नये. एका वेळी दोन जागा धरून ठेवता येत नाहीत, आणि मूळ कागदपत्रे महाविद्यालय ताब्यात घेत असल्यामुळे दुसऱ्या प्रक्रियेतील जागा घ्यायची तर आधीचा प्रवेश मुदतीत रद्द करून कागदपत्रे परत घ्यावी लागतात. शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेताना एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्रही लिहून द्यावे लागते.

संस्थात्मक किंवा अनिवासी भारतीय कोट्यातील जागांनाही नीटची पात्रता आणि याच ऑनलाइन फेऱ्या लागू आहेत. मुलाखत घेऊन थेट प्रवेश देतो, असे सांगून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे.

गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे राज्य कोट्याचे प्रवेश पर्वरी येथील तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत, नीटच्याच गुणांवर होतात. परदेशात एमबीबीएस करून भारतात व्यवसाय करायचा असेल तरीही आधी नीट पात्र व्हावे लागते, आणि तिकडचा अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो.

जेथे खरोखर मुलाखत होते

पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, हे सैन्यदलांसाठी डॉक्टर घडवते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी 145 जागा असून त्यांपैकी 115 मुलांसाठी आणि 30 मुलींसाठी आहेत. उमेदवार अविवाहित असावा आणि वय 31 डिसेंबरला 17 ते 24 वर्षांच्या आत असावे. बारावीची अट इतर महाविद्यालयांपेक्षा कडक आहे: परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून किमान 60 टक्के, आणि इंग्रजीसह प्रत्येक विषयात किमान 50 टक्के गुण. दहावीला गणित उत्तीर्ण असणेही आवश्यक आहे.

अर्ज एमसीसीच्या संकेतस्थळावरूनच, एएफएमसीचा पर्याय निवडून करायचा असतो. नीटच्या गुणांवरून निवडलेल्या विद्यार्थ्यांना पुण्यात बोलावले जाते. तेथे प्रथम इंग्रजी, आकलन, तर्क आणि बुद्धिमत्ता यांची 40 प्रश्नांची संगणकीय चाचणी होते. तिला टोईएलआर म्हणतात, ती 80 गुणांची असते आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा होतो. तिचे गुण आणि नीटचे गुण ठरलेल्या सूत्राने एकत्र केले जातात. त्यानंतर मानसशास्त्रीय चाचणी आणि 50 गुणांची मुलाखत होते.

या मुलाखतीची तयारी पाठांतराने होत नाही. स्वतःच्या गावाची, शाळेची, छंदांची नीट माहिती असणे, वर्तमानपत्र रोज वाचलेले असणे आणि सैन्यातील डॉक्टरचे आयुष्य कसे असते याची खरी कल्पना असणे, एवढे पुरते. इंग्रजी बोलण्याची भीती असलेल्या मुलाने सहा महिने आधीपासून रोज पंधरा मिनिटे कोणाशी तरी इंग्रजीत बोलावे. अंतिम निवड वैद्यकीय तपासणीत पात्र ठरण्यावर अवलंबून असते, आणि येथे शिकणाऱ्याला पदवीनंतर सैन्यदलांत अधिकारी म्हणून सेवा करणे बंधनकारक आहे. म्हणून हा पर्याय भरण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने ती सेवा आपल्याला मनापासून हवी आहे का, याचा विचार घरच्यांसोबत बसून करावा.