एसडी कार्डाचं स्पीड आणि व्होल्टेज: लिनक्स कर्नलमधे हे प्रकरण इथवर कसं आलं

कर्नल लॉगमधे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने लिहिलेल्या नोंदींमधे, 'न्यू अल्ट्रा हाय स्पीड एसडीआर१०४' (हा कार्डाचा एक वेगवान मोड) दिसलं की आपण खूश, आणि नुसतं 'न्यू हाय स्पीड' दिसलं की दुकानदाराने डुप्लिकेट कार्ड गळ्यात मारलं म्हणून शिव्या. बऱ्याचदा कार्ड बिचारं चांगलंच असतं. वरच्या स्पीडवर जायचं तर आधी व्होल्टेज जमावं लागतं आणि ते कार्ड, कंट्रोलर (कार्डाशी बोलणारी चिप) आणि बोर्ड अशा तिघांचं एकमत झालं तरच जमतं. ड्रायव्हरचा निम्मा कोड हे एकमत घडवण्यात, आणि नाही घडलं तर निमूट मागे येण्यात जातो.

सुरुवातीला एवढी भानगड नव्हती. १९९७ला सॅनडिस्क आणि सीमेन्सने एमएमसी हे मेमरी कार्ड आणलं, ७ पिना, एकच डेटा लाईन, २० मेगाहर्ट्झ. १९९९ला सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिकवाली मात्सुशिता यांनी मिळून एसडी काढलं, ९ पिना, ४ डेटा लाईन्स, २५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. व्होल्टेजचा प्रश्न फक्त सप्लायपुरता होता. कार्डाला कोणतं व्होल्टेज चालतं ते सांगणाऱ्या ओसीआर रजिस्टरमधे २.७ पासून ३.६ व्होल्टपर्यंत दर ०.१ व्होल्टच्या टप्प्याला एक बिट, होस्ट, म्हणजे कार्ड वाचणारी बाजू, आपला मास्क (चालणाऱ्या बिटांचा संच) काढतो, कार्डाचा मास्क घेतो, दोघांत जे समान ते ठरलं. कर्नल अजूनही हेच करतो, आणि त्याच फंक्शनमधे एक मजेशीर वॉर्निंग आहे की हे कार्ड ठरलेल्या रेंजच्या खालचं व्होल्टेज चालतं असा दावा करतंय, तिकडे लक्ष देत नाही. म्हणजे कार्ड थापा मारतं हे पहिल्यापासून गृहीतच धरलेलं आहे.

लिनक्समधे एमएमसीचा मूळ कोड रसेल किंगचा, एसडीचा सपोर्ट पिएर ऑसमनने घातला. तेव्हा एसडीचं पूर्ण स्पेसिफिकेशन फक्त मेंबर कंपन्यांना मिळायचं, त्यामुळे बाहेरच्यांना बरंच काम अंदाजाने करावं लागलं. २००६ला कर्नल २.६.१७ मधे एसडीएचसीआय, म्हणजे स्टँडर्ड एसडी कंट्रोलरचा, ड्रायव्हर आला. कंट्रोलरची रजिस्टर्स स्टँडर्ड ठरलेली, तर एकच ड्रायव्हर सगळ्या लॅपटॉपच्या स्लॉटला चालेल ही कल्पना, कागदावर झकास. प्रत्यक्षात प्रत्येक चिप बनवणाऱ्याने स्टँडर्ड आपापल्या पद्धतीने वाचलं होतं. मग प्रत्येक खोडीसाठी 'क्वर्क' नावाचा एकेक बिट जोडत गेले, ३२ बिटांचं पहिलं फील्ड भरलं म्हणून 'क्वर्क्स२' काढावं लागलं, आणि त्याच्यावर कॉमेंट काय तर स्पेकपासून आणखी फारकती!

मधल्या काळात हाय स्पीड मोड आला, ५० मेगाहर्ट्झ, २५ एमबी. यासाठी सीएमडी६ ही कमांड, जिच्या उत्तरात कार्ड ६४ बाइट्समधे आपल्याला काय काय जमतं ते सांगतं. २००६ला एसडीएचसी हे जास्त क्षमतेचं कार्ड आलं आणि सोबत सीएमडी८ ही कमांड. होस्ट १एए हा हेक्स आकडा पाठवतो, १ म्हणजे २.७ ते ३.६ व्होल्ट चालेल का, एए हा नुसता चेक पॅटर्न, कार्डाने तो तसाच परत करायचा. जुनं कार्ड गप्पच बसतं, आणि टाइमआउट झाला की ड्रायव्हर समजतो की हे जुनं आहे. इथपर्यंत सिग्नल सगळे ३.३ व्होल्टवरच होते, हे महत्त्वाचं.

खरा बदल २०१०च्या यूएचएस-१ने, म्हणजे वरच्या स्पीडच्या मोड्सनी, केला. एसडीआर१०४ला क्लॉक २०८ मेगाहर्ट्झ, आणि एवढ्या वेगात लाईन ३.३ व्होल्ट वर-खाली हलवणं परवडत नाही, वेळ जातो आणि नॉइजही वाढतो. म्हणून सप्लाय ३.३च ठेवायचा पण सिग्नल १.८ वर आणायचे, तेही कार्ड चालू असताना. कर्नलमधे हे एएमडीच्या अरिंदम नाथच्या पॅचेसमुळे २०११ला ३.० मधे आलं, तेव्हा कर्नलच्या या भागाचा मेंटेनर ख्रिस बॉल होता. क्रम असा: होस्ट एसीएमडी४१ या कमांडमधे १.८ची विनंती करतो, कार्ड हो म्हणालं तर व्होल्टेज बदलायची कमांड सीएमडी११, मग कार्ड कमांड आणि डेटा लाईन्स लो करतं, होस्ट क्लॉक थांबवतो, व्होल्टेज बदलतो, निदान ५ मिलिसेकंद थांबतो (कर्नल १० थांबतो, आणि स्पेक ५च म्हणतं हेही तिथे लिहून ठेवलंय), क्लॉक परत सुरू, आणि १ मिलिसेकंदात कार्डाने लाईन्स हाय केल्या तर जमलं. नाही जमलं तर पॉवर काढून पुन्हा पहिल्यापासून. असे १० प्रयत्न फसले की लॉगमधे 'स्किपिंग व्होल्टेज स्विच' येतं आणि कार्ड ३.३ वरच चालवतात. लॉगमधे ही ओळ असेल तर कार्ड बदलण्याआधी बोर्ड बघा.

कारण गोची तिथेच आहे. एकदा १.८ वर गेलेलं कार्ड पॉवर जाईपर्यंत परत येत नाही. लॅपटॉपमधे सहसा स्लॉटची पॉवर कापता येते, पण स्वस्तातल्या एआरएम बोर्डांवर कित्येकदा ती थेट ३.३च्या रेलला, म्हणजे कायम चालू पॉवर लाईनला, जोडलेली असते. मग रीबूट मारला की कर्नलला सुरू करणारा बूटलोडर ३.३ने बोलायला जातो, कार्ड अजून १.८ वर, बोर्ड काही उठत नाही, आणि प्लग काढून लावला की सुरळीत! यावर पुढे कर्नलमधे एक हुशार तपासणी आली: सीएमडी६च्या उत्तरातले बस स्पीडचे २ ते ४ हे बिट ३.३ वर सुरू झालेल्या कार्डात शून्य असतात, ते शून्य नसतील तर गडी आधीच १.८ वर आहे.

दुसरा उपाय डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनाचा. कंट्रोलर मला १.८ जमतं म्हणतो, पण बोर्डवाल्याने १.८ देणारा रेग्युलेटर जोडलाच नसेल तर कंट्रोलरला काय कळणार. म्हणून व्हीएमएमसी म्हणजे कार्डाचा सप्लाय आणि व्हीक्यूएमएमसी म्हणजे सिग्नलचा, असे दोन वेगळे लिहायचे, आणि काहीच जमत नसेल तर सरळ 'नो-१-८-व्ही'. रास्पबेरी पाय ३ पर्यंत सिग्नल ३.३ वरच होते, त्यामुळे स्टँडर्ड क्लॉकवर २५ एमबीच्या वर जाणं नाही, कार्डावर यू३ लिहिलेलं असो की व्ही३० (हे स्पीडचे शिक्के). पाय ४ ला १.८ आणि डीडीआर५० हा मोड मिळाला, ५० एमबी.

यूएचएस-२ तर २०११चंच, पिनांची दुसरी रांग, १.८चा वेगळा सप्लाय, ३१२ एमबी. कर्नलमधे यायला ६.१३ उजाडलं, म्हणजे जानेवारी २०२५. तिथेही आधी यूएचएस-२ करून बघतात, आणि कार्ड नाही बोललं तर गपचूप ४०० किलोहर्ट्झ, ३.३ व्होल्ट आणि जुन्या कमांड्सवर परत.